केकचं सोंग

दोन्ही हात गुंतलेले असले
की दार दुसरंच कुणीतरी उघडतं.
हे कुठल्या प्रशिक्षणात नाही शिकलो,
आईमागून बाजाराच्या पिशव्या वाहताना कळलं होतं.
आता त्याचेच पैसे मिळतात.

ताम्पेरे. नोव्हेंबर. उणे नऊ.
खळाळत्या पाण्याकाठची जुनी कापडगिरणी,
लाल विटा त्याच, आत आता विमा कंपनी
आणि लोकांची दुखणी कपाटांत, आडनावांच्या क्रमाने.
कंपनीनेच नेमलंय मला : आमच्याकडे शिरून दाखवा.
तसं पत्र खिशात आहे, चार घड्यांचं.
पकडलो तर काढायचं.
घड्यांवर ते आता फाटायला आलंय,
काढावं मात्र लागलेलं नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात.
केकचंही येत नाही.
तो खराच लागतो : लिंगनबेरीचा, तीन थरांचा,
एकतीस युरो, पावती अहवालाला जोडायची.

बाजूच्या दाराशी एक बाई,
हातमोजा दातांत धरून कार्ड शोधणारी.
छातीवर नाव : हिल्क्का.
"अहो, पडेल तो! या आत, या.
कुणाचा वाढदिवस?"

खरी कारागिरी इथे.
नाव विचारायचं नसतं. चुकीचं सांगायचं असतं.
माणूस गुपित पोटात ठेवतो, वर्षानुवर्षं ठेवतो,
पण दुसऱ्याची चूक त्याला दोन क्षण सोसवत नाही.

"तेउवोचा," मी म्हणालो. "दुसरा मजला."
"तेउवो? तौनो असेल. आणि तिसरा,
सर्व्हरच्या खोलीला लागून.
उजवीकडून जा, डावीकडचं दार अडकतं."

तौनो. तिसरा. उजवीकडून.
मी काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

मग ती थांबली.
"सहा वर्षं एका टेबलावर जेवतो आम्ही.
बोलला नाही कधी."
आणि माझ्या हातातून केक घेतला.
"द्या, मी नेते. तुम्हाला अजून घरं असतील."

असा मी मोकळ्या हातांनी उभा,
कुणाच्याही नजरेत भरेल असा.
पण इमारतीत केक शिरला होता, मला कोण बघतो?
सर्व्हरच्या खोलीचं दार
आग विझवायच्या नळकांड्याने उघडं ठेवलेलं, हवा यावी म्हणून.
मी फोटो काढले. सहा.

भिंतीपलीकडे गाणं सुरू झालं.
बेसूर, जरा लाजत, एकमेकांच्या आधाराने.
मग शांतता.
मी श्वास धरला.
तो माणूस नुसतं "आज नव्हे" म्हणाला असता
तरी माझा खेळ खलास.

"मला वाटलं," तो आवाज म्हणाला,
"कुणाच्या लक्षात नसेल."

खरंच होता त्याचा वाढदिवस,
की समोर केक, मेणबत्ती आणि हिल्क्का बघून
त्यानेही एक थाप मारली?
त्याची जन्मतारीख चार पावलांवरच्या यंत्रात होती.
तेवढ्यासाठीच तर शिरलो होतो मी.
बघितली नाही.

उतरताना जिन्यात तिने गाठलं,
कागदी रुमालात एक तुकडा.
"घ्या, तुमचीच मेहनत."

अहवालात एक रकाना असतो :
प्रवेश कुणामुळे मिळाला. पूर्ण नाव.
तिथे मी लिहिलं : बाजूचं दार, खटका सैल.
लोणकढी थाप, अगदी ताज्या तुपासारखी.
कंपनीने चार हजार युरो घालून
एक धडधाकट कुलूप बदललं, मला आभाराचं पत्र आलं.

पुरावे : छायाचित्रं सहा. पावती एक.
सातवा पुरावा
मी ट्रॅममध्ये खाल्ला,
बोटं चाटून, खिडकीकडे तोंड करून.